चहा महागला नव्हता, स्वस्त झाला होता

समाजमाध्यमांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे: ‘इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला, म्हणून बोस्टनच्या लोकांनी भारतातून आलेला चहा समुद्रात फेकला आणि अमेरिका स्वतंत्र झाली.’

कर वाढवला? नाही. अमेरिकेत चहावर रतलामागे (साधारण ४५० ग्रॅममागे) ३ पेन्सची जकात १७६७ सालची. १७७३ च्या चहा कायद्याने ती तशीच ठेवली आणि ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमध्ये भरावी लागणारी जकात मात्र माफ केली. शिवाय लंडनच्या लिलावाला वगळून थेट अमेरिकेत माल धाडण्याची मुभा दिली. कंपनीच्या गोदामांत सुमारे पावणेदोन कोटी रतल चहा पडून होता, तो खपवायचा होता. या सवलतींमुळे कंपनीचा चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडणार होता.

मग चीड कशाची? विक्री मोजक्या आडत्यांकडे गेली. बोस्टनमध्ये त्यांत मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा (बोस्टन तिच्यातलंच) गव्हर्नर हचिन्सन याचे दोन मुलगे होते. बाकीचे व्यापारी बाहेर फेकले गेले. पण खरी मेख निराळी होती. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचा एकही प्रतिनिधी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये नव्हता. १७६६ मध्ये स्टँप कायदा (वसाहतींतल्या कागदपत्रांवरचा कर) मागे घेतला, त्याच दिवशी ‘वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा हक्क आम्हाला आहे’ असं पार्लमेंटने कायद्यानेच ठरवून टाकलं. स्वस्त चहा घेणं म्हणजे ३ पेन्स भरून हा हक्क मान्य करणं.

चहा परत का पाठवला नाही, हेही कुणी सांगत नाही. चहाचं पहिलं जहाज ‘डार्टमाउथ’ २८ नोव्हेंबर १७७३ ला बोस्टनला आलं. २० दिवसांत जकात भरली नाही, तर जकात खातं माल जप्त करू शकत होतं, आणि मग तो विकला जाणारच. माल न उतरवता परतण्याचा परवाना हचिन्सनने नाकारला. मुदत संपण्याच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. फिलाडेल्फियाने मात्र आपलं जहाज परत धाडलं.

भारतातला चहा? तो सगळा चिनी होता. आसामची लागवड १८३० च्या दशकातली.

राहिलं स्वातंत्र्य. त्याला अजून अडीच वर्षं होती. १७७४ मध्ये शिक्षा म्हणून बोस्टन बंदर बंद झालं, मॅसॅच्युसेट्सचं निवडून येणारं सल्लागार मंडळ राजाने नेमायचं ठरलं, नगरसभा परवानगीविना वर्षातून एकदाच भरवता येणार होत्या. ‘आज मॅसॅच्युसेट्सची सनद (वसाहतीच्या कारभाराचा राजाने दिलेला हक्कलेख) मोडली, उद्या आपली’ या धास्तीने सप्टेंबरात १२ वसाहती फिलाडेल्फियात जमल्या. तेव्हाही स्वातंत्र्य कुणी मागितलं नाही. एप्रिल १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्झिंग्टनला ब्रिटिश सैनिक आणि वसाहतीच्या लोकांत गोळीबार झाला, तरी जुलैत राजाला समेटाचा अर्ज गेला. ऑगस्टमध्ये राजाने वसाहतींना बंडखोर ठरवलं.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध २७ तक्रारी आहेत. संमतीविना कर लादल्याची तक्रार सतरावी आहे, जेमतेम एका ओळीची. तिच्या आधी बरखास्त केलेली विधिमंडळं, राजाच्या मर्जीवर ठेवलेले न्यायाधीश आणि शांततेच्या काळात ठेवलेलं सैन्य येतं.