पत्ते पिसून पोट भरतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

यासोओका शोता या जपानी खेळाडूच्या कारकिर्दीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. मॅजिक द गॅदरिंग हा शेवटी रमीसारखा पत्त्यांचाच खेळ, पानं चांगली पडली की जिंकला, त्यात कारकीर्द कसली? 40,000 डॉलरचं बक्षीस ठळक छापलं, मग खर्च कुठे गेला? आणि वातानाबे युया या दुसऱ्या जपानी खेळाडूवरच्या बंदीचं प्रकरण सोयीस्करपणे का गाळलं? यातला पहिला आक्षेप मला मान्य नाही. दुसरा पूर्ण मान्य आहे. तिसऱ्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं.

नशीब आहेच, आणि भरपूर आहे. खेळाडू स्वतः बांधतो त्या 60 पानांच्या डेकमध्ये, म्हणजे गड्डीत, 24 लँड (बाकीची पानं खेळायला लागणारी ताकद, म्हणजे मॅना, देणारी पानं) ठेवले, तर पहिल्या सात पानांत शून्य, एक, सहा किंवा सात लँड येण्याची शक्यता साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे दर सहा-सात हातांमागे एक हात जवळपास टाकाऊ, मग समोर विश्वविजेता का बसलेला असेना. खरं कसब दिसतं ते मधल्या हातांत. समजा हातात दोन लँड आणि पाच बरी पानं आहेत. तिसऱ्या पाळीपर्यंत तिसरा लँड मिळायलाच हवा. तुम्ही पहिले खेळत असाल तर तोवर दोनच पानं ओढायला मिळतात आणि शक्यता 66 टक्के राहते. दुसरे खेळत असाल तर तीन पानं मिळतात आणि ती 81 टक्क्यांवर जाते. हात तोच, पण एकदा ठेवायचा आणि एकदा टाकायचा असं होऊ शकतं. 2019 पासूनच्या नियमाप्रमाणे हात टाकला की पुन्हा सातच पानं ओढायची आणि जितक्या वेळा टाकला तितकी पानं डेकच्या तळाशी सारायची. त्यामुळे कुठलं पान तळाशी घालायचं हा आणखी एक निर्णय वाढला.

आता याचा कारकिर्दीशी संबंध. प्रो टूर या व्यावसायिक खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धेत दोन दिवसांत 16 फेऱ्या होतात. दोन्ही दिवशी आधी तीन फेऱ्या ड्राफ्टच्या, म्हणजे तिथेच पाकिटं फोडून 40 पानांचा डेक बांधायचा, आणि मग पाच फेऱ्या घरून आणलेल्या डेकच्या. पहिल्या आठांत यायला साधारण 12 विजय लागतात. प्रत्येक फेरीत जिंकण्याची शक्यता 50 टक्के धरली, तर 12 किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता चार टक्क्यांच्याही खाली येते. तीच 60 टक्के धरली तर जवळपास 17 टक्के. एका स्पर्धेत हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण वर्षाला चार स्पर्धा आणि अशी दहा वर्षं म्हटली की तो डोळ्यात भरतो. यासोओकांनी 2006 मध्ये सैतो तोमोहारू आणि काजी तोमोहिरो यांच्यासोबत चार्ल्सटनची सांघिक प्रो टूर जिंकली आणि दहा वर्षांनी, 2016 मध्ये, होनोलुलूला एकट्याने. 2005 ते 2009 या पाचही वर्षी 'प्लेअर ऑफ द इयर' जपानीच होता: त्सुमुरा, यासोओका, सैतो, नाकामुरा, वातानाबे. नशीब एका देशात पाच वर्षं मुक्काम ठोकत नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र तुम्ही बरोबर आहात. होनोलुलूच्या 40,000 डॉलरचे तेव्हाच्या दराने 41-42 लाख येन होतात, पण अशी रक्कम बहुतेक खेळाडूंच्या आयुष्यात एकदाही येत नाही. शिवाय करात मेख आहे. एखाद्या हौशी माणसाला अचानक मिळालेलं बक्षीस जपानमध्ये 'तात्पुरतं उत्पन्न' धरलं जातं. त्यातून पाच लाख येनपर्यंतची वजावट मिळते आणि उरलेल्याच्या निम्म्यावरच कर लागतो. पण हाच तुमचा धंदा असेल तर ते व्यावसायिक किंवा इतर उत्पन्नात जातं आणि ती सवलत संपते. उलट विमान, हॉटेल आणि पत्ते यांचा खर्च दाखवता येतो. म्हणून पावत्या जपून ठेवणं हाही या पेशाचा भाग आहे, साइडबोर्डच्या, म्हणजे डेकबाहेर राखून ठेवलेल्या, 15 पानांइतकाच.

खरा आधार मानधनाचा असायचा. प्लॅटिनम या सर्वांत वरच्या दर्जाच्या खेळाडूला प्रत्येक प्रो टूरला हजर राहण्याचेच 3,000 डॉलर मिळायचे. एप्रिल 2016 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळाच्या कंपनीने ते 250 वर आणायचं जाहीर केलं. खेळाडूंनी इतका गदारोळ केला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. भांडण बक्षिसाच्या रकमेवरून पेटलं नाही, हजेरीच्या पैशांवरून पेटलं, यातच सगळं आलं. 2019 मध्ये कंपनीच्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये 32 खेळाडूंना वर्षाला 75,000 डॉलरचे करार मिळाले, यासोओकाही त्यात होते. ती लीग 2021 मध्ये गुंडाळली. नळ कंपनीच्या हातात असतो, हे लेखात ठळक यायला हवं होतं.

जपानी खेळाडूंनी यावर काढलेली वाट म्हणजे दुकान. सैतो यांनी उभं केलेलं हारेरुया हे त्याचं मोठं उदाहरण. तोक्योच्या ताकादानोबाबा भागात पत्त्यांची खरेदी-विक्री आणि स्पर्धेची टेबलं एकाच छपराखाली. दुकान खेळाडूला करारावर घेतं, खेळाडू दुकानाच्या नावाने खेळतो, डेकवर लेख लिहितो, व्हिडिओ करतो. लेखात डेक आला की त्यातली पानं दुकानातून खपतात. जपानमधल्या कंपन्यांच्या स्पर्धांमधून एवढं मिळणं अवघडच, कारण तिथला ग्राहक कायदा आडवा येतो. मालाच्या विक्रीला जोडून स्पर्धेत दिलेल्या बक्षिसावर व्यवहाराच्या 20 पट किंवा एक लाख येन, यांपैकी जे कमी असेल तेवढी मर्यादा आहे. त्यामुळे यु-गि-ओ या जपानी पत्त्यांच्या खेळाच्या देशांतर्गत स्पर्धांत रोकडीऐवजी बक्षिसाची खास कार्डंच दिसतात.

आता वातानाबे. एप्रिल 2019, लंडन. डेक ट्रॉनचा, म्हणजे 'उर्झा' नावाचे तीन वेगवेगळे लँड जमले की सात मॅना देणारा. पंचांना त्या लँडच्या स्लीव्हवर, म्हणजे पानावरच्या प्लॅस्टिकच्या पाकिटावर, खुणा आढळल्या आणि कुठली खूण कुठल्या लँडवर याचा मेळ बसत होता. स्पर्धेतून बाद, 30 महिन्यांची बंदी, लीगमधून आणि हॉल ऑफ फेममधूनही बाहेर. हेतू असल्याचं त्यांनी नाकारलं. सैतो यांच्यावरही 2010 मध्ये वेळकाढूपणावरून 18 महिन्यांची बंदी आली होती आणि त्यांचा हॉल ऑफ फेमचा सन्मान गेला. दोन्ही गोष्टी मूळ लेखात हव्या होत्या, चूक माझी.

पण 'स्लीव्हवर खूण म्हणजे लबाडीच' हे तुमचं वाक्य तेवढं सरळ नाही. आठ फेऱ्या पिसल्यावर प्रत्येक स्लीव्हचा कोपरा झिजतोच. पंच डेक उलटा पसरतो, वेगळ्या दिसणाऱ्या स्लीव्ह बाजूला काढतो आणि मग सुलट करून पाहतो. त्यात लँड, प्राणी, मंत्र अशी सरमिसळ निघाली तर ताकीद देऊन स्लीव्ह बदलायला लावतो. सगळी एकाच कामाची पानं निघाली तर डाव जातो. हेतू दिसला तर स्पर्धाच संपते. निष्पाप माणूस अडकतो तो बहुधा असा: नव्या पाकिटातल्या स्लीव्ह जशा निघतील तशा ओळीने भरतो, आधी सगळे लँड, मग बाकीचं. एका पाकिटातही कापणीत केसभर फरक असतो, तो नेमका लँडच्याच वाट्याला जातो. म्हणून रिकाम्या स्लीव्ह आधी पिसायच्या, मग पानं भरायची, साइडबोर्डसकट 75 एकाच पाकिटातल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या नव्या. फॉइल, म्हणजे चकचकीत थराची, कार्डं दमट हवेत धनुष्यासारखी वाकतात. डेकमध्ये चारच फॉइल असतील तर डेक कापताना बोट बरोबर तिथेच अडतं, तेव्हा ती साधी घेतलेली बरी.

मूळ लेखाचा मथळा बदलला आहे, 40,000 चा आकडा आता कराच्या परिच्छेदात खाली गेला आहे, आणि दोन्ही बंदींची नोंद घातली आहे. नशिबाबद्दलचा भाग तसाच ठेवला आहे. वरच्या आकडेमोडीत कुठे चूक सापडली तर जरूर कळवा.