‘डुप्लिकेट बुश’ म्हणणाऱ्या भाऊंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्याकडून नेलेले तुमच्या मारुती ८०० च्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबर, दोन महिन्यांत फाटले, खटखट पुन्हा सुरू झाली आणि ऐन सणाच्या तोंडावर गाडी दारात उभी राहिली. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. घरच्या घरी अंगणात गाडी खोलून काम करायला किती मेहनत लागते ते आम्हाला ठाऊक आहे.

पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं, ‘डुप्लिकेट माल, भाव जास्त, फोन उचलत नाहीत, पार्ट वापस घेत नाहीत.’ बाकीचं एक वेळ सोडून देऊ, ‘डुप्लिकेट’ हे सोडवत नाही. आर्णी, दिग्रसकडचे लोक आता घरून निघायच्या आधी मोबाइलवर स्टार पाहतात. बाबांच्या काळापासून या गल्ल्यावर आमचं घर चालते, बुश दाबून बसवायच्या प्रेस मशीनचे हप्ते अजून सुरू आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

तुमचा फाटलेला बुश मी काउंटरवर उजेडात धरून पाहिला होता, तुम्ही समोरच उभे होते. रबरावरचा कंपनीचा शिक्का स्वच्छ वाचता येत होता. रबर ना मऊ पडलं होतं, ना फुगलं होतं. चीर होती ती फक्त आतल्या लोखंडी नळीच्या भोवती, गोल, दोन्ही तोंडांना. ही चीर का पडते ते मी तेव्हाच सांगत होतो, पण तुम्ही घाईत होते, आवाजही थोडा चढला होता, आणि दुकानात बाकी गिऱ्हाईक होतं. ते इथं सांगतो.

या बुशमध्ये रबर आतल्या नळीलाही पक्कं चिकटवलेलं राहते आणि बाहेरच्या कड्यालाही. नळीतून जाणारा बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या बाजूच्या ब्रॅकेटमध्ये जागच्या जागी धरली जाते. त्यानंतर आर्म खालीवर झाला की रबर फिरत नाही, पिळलं जाते. म्हणून बोल्ट शेवटचा कधी आवळायचा यालाच सगळं महत्त्व आहे. चाक जमिनीवर, गाडीचं वजन चाकावर, तेव्हाच. तसं केलं तर गाडी उभी असताना रबर आरामात राहते आणि खड्ड्यात थोडं इकडे, थोडं तिकडे पिळलं जाऊन जागेवर येते.

आता तुम्ही स्वतः टाकलेला फोटो बघा. गाडी जॅकवर, चाक काढलेलं, आर्म पूर्ण खाली लोंबतो आहे आणि तुमचा पान्हा त्याच बोल्टवर. तुम्ही खाली लिहिलंही आहे, ‘फुल टाइट केलं तरी दोन महिन्यांत गेलं.’ भाऊ, आर्म लोंबता असताना फुल टाइट केलं म्हणूनच गेलं. गाडी खाली उतरवली तेव्हाच ते रबर ओल्या धोतरासारखं पिळून बसलं, उभ्या गाडीतही तसंच राहिलं, आणि वरून आपले रस्ते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यावरचा डांबरी रस्ता लाटेसारखा होतो. पांदणीचं तर सांगायलाच नको. आधीच पिळलेल्या रबराला रोज तेवढे हेलकावे बसले तर ओरिजिनल काय अन् कोणता काय, फाटणारच. यात रबराचा दोष काहून धरायचा?

बरोबर रीत अशी. बोल्ट हवेत नुसते बसवून घ्यायचे, हाताला लागतील तेवढेच. चाक लावून गाडी खाली घ्यायची. बोनेट दोन्ही हातांनी दाबून सोडायचं, गाडी थोडी मागेपुढे ढकलायची, म्हणजे ती आपल्या उंचीवर बसते. मग बोल्ट शेवटचे आवळायचे. खाली पान्हा जात नसेल तर आमच्या मागच्या रॅम्पवर आणा. पार्ट आमच्याकडून घेतला असो वा नसो, बोल्ट आवळून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. हे गावातला कोणीही सांगेल.

भावाचं थोडक्यात. तुम्ही सोबत पुढचे दोन शॉकअप नेले ते जूनमध्ये. तेव्हा त्यावर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. आजचा मोबाइलवरचा भाव जूनच्या बिलाशी लावला तर आम्ही महाग दिसणारच. बिल पक्कं दिलं आहे, त्यावर कर वेगळा लिहिलेला आहे, कृपया पहा.

फोन उचलला नाही तो पोळ्याचा दिवस होता. आमच्याकडे अजून बैलजोडी आहे. त्या दिवशी दुकान बंद राहते, शटरवर पाटी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तुम्हाला फोन लावला, तेव्हा तुम्ही उचलला नाही. हे तुमच्या लिहिण्यात आलं नाही, त्याचं वाईट वाटलं.

पार्ट वापस घेण्याबद्दल इतकंच की गाडीत बसवून फाटलेला बुश कंपनी आमच्याकडून घेत नाही. ते नुकसान सरळ आमच्या खिशातून जाते.

एक गोष्ट मात्र तुमच्या भल्यासाठी सांगतो, यात धंदा नाही. त्याच फोटोत गाडीच्या कडेखाली विटा लावलेल्या दिसतात. तसं पुन्हा करू नका. वीट वजनाखाली आधी न सांगता फुटते आणि माणूस गाडीखाली राहते. जॅकच्या भरवशावरही खाली शिरू नका. गाडी टेकवायची लोखंडी घोडी दुकानात आहे, दोन दिवसांसाठी अशीच घेऊन जा. शॉकअपची स्प्रिंग तर घरी अजिबात सोडू नका, स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर लावल्याशिवाय ती खोलली तर जीवावर बेतते.

दोन्ही बाजूंचे आर्म घेऊन या. नवीन बुशचे पैसे घ्यावे लागतील, पण जुने काढून नवीन प्रेस करायची मजुरी घेणार नाही. बोल्ट रॅम्पवर तुमच्यासमोर आवळू, तुम्हीच हात लावून बघा. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट मात्र करून घ्या, नाहीतर टायर एका कडेनं झिजतील. घरी काम करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी बिलासोबत माहितीचा एखादा कागद द्यायचं मनात आहे, फोनचंही काहीतरी बघतो. सोमवारी बाजारामुळे गर्दी राहते, तो दिवस सोडून या. आणि काम पटलं तर ते ‘डुप्लिकेट’ तेवढं काढून टाका, एवढी विनंती.