डिझाईन पॅटर्न मेले म्हणे! मग उसाच्या काट्यावर दुबार नोंदी का होतात?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: डिझाईन पॅटर्न, म्हणजे प्रोग्राम लिहिताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणींवरचे ठरलेले तोडगे, हे जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या उणिवा झाकायला काढलेलं खूळ, नव्या भाषांनी ते गिळले, त्यांनी कोड उगाच फुगतो, आणि आता कोड एआय लिहितो, तेव्हा पॅटर्नांच्या तेवीस आकृत्या घोकणं बंद करा. घोकणं बंद करा, हे मान्य. बाकीचं बघू.

जावाचा मुद्दा तारखेतच अडकतो. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्हिलिसाइड्स यांचं 23 पॅटर्नांचं पुस्तक आलं 1994 मध्ये, उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉक या भाषांमधली. जावा जाहीर झाली 1995 मध्ये.

भाषांनी गिळले, हे अर्धं खरं. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी 1996 मध्येच दाखवलं होतं की लिस्पसारख्या भाषांत 23 पैकी 16 पॅटर्न एकतर दिसेनासे होतात किंवा फार सोपे होतात. स्ट्रॅटेजी, म्हणजे काम करायची पद्धत हवी तशी बदलू देणारा पॅटर्न; त्यासाठी आज क्लासचा पसारा कशाला, एक फंक्शन पाठवलं की झालं. पण ते 23 होते एका प्रोग्रामच्या पोटातले. आजची डोकेदुखी दोन यंत्रांच्या मधली आहे.

साखर कारखान्याचा वजनकाटा घ्या. गळीत हंगाम, ट्रॅक्टरांची रांग. काट्यावरच्या कॉम्प्युटरनं वजन सर्व्हरला पाठवलं, तिथं नोंद झाली, पण पोच यायच्या आत नेट गेलं. कॉम्प्युटरला वाटतं पोचलंच नाही, तो परत पाठवतो. ट्रॉली एक, नोंदी दोन. पायथन घ्या नाहीतर गो, भाषा इथं काही गिळत नाही. उपाय ठरलेला आहे, आयडेम्पोटन्सी की: प्रत्येक वजनाला स्वतःचा क्रमांक द्यायचा, आणि तोच परत आला तर सर्व्हरनं नवी नोंद न करता जुनंच उत्तर द्यायचं. खरी मेख पुढं आहे. हा क्रमांक वजन होतानाच तयार करून डिस्कवर लिहायचा. पाठवताना तयार केलात तर प्रत्येक खेपेला नवा क्रमांक निघेल आणि सगळी मेहनत पाण्यात. शिवाय नेट आल्यावर सगळे काटे एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून दोन प्रयत्नांमधलं अंतर दरवेळी वाढवायचं, त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवायचा.

कोड फुगतो? फुगतो की! वेगवेगळ्या कंपन्यांचे वजनदर्शक आपापल्या साच्यात आकडे पाठवत असतील तर ते सगळे एका साच्यात आणणारा ॲडॉप्टर हवाच. एकच काटा, एकच कंपनी असेल तर साधं फंक्शन पुरतं. त्याच पुस्तकात प्रत्येक पॅटर्नखाली तो कुठं लागू पडतो आणि त्याचे परिणाम काय, हे लिहिलंय. आकृती पाठ करणारे नेमकं तेच सोडतात. (सिंगलटन, म्हणजे अख्ख्या प्रोग्राममध्ये एखादी वस्तू एकच ठेवणारा पॅटर्न, त्याबद्दल मात्र माझं मत वाईटच. बहुतेक वेळा तो कुठूनही बदलता येणारा ग्लोबल व्हेरिएबलच, फक्त इस्त्री केलेला.)

राहिला एआय. कोड तो लिहील, झकास लिहील. पण ‘फसलं तर परत पाठव’ एवढंच सांगितलंत, तर क्रमांकाचं त्याला सुचेलच असं नाही. त्याचा कोड हाती आला की सर्व्हरवर नोंद होऊन पोच यायच्या आत नेटची वायर उपसा, परत जोडा, आणि त्या ट्रॉलीच्या नावावर किती टन लागले ते बघा.