मेटाबॉलिझमवर खापर कसे फोडावे

मेटाबॉलिझम म्हणजे शरीराचा कॅलरी जाळायचा वेग. वजन हलत नसेल तर आधी जाहीर करून टाका, "माझा मेटाबॉलिझमच स्लो आहे हो." लग्नाच्या पंगतीत जिलबीची दुसरी फेरी येत असताना म्हटलेले उत्तम. पुरावा कोणी मागत नाही. थायरॉइडची तपासणी मात्र टाळा. रिपोर्ट नॉर्मल आला तर हातचे कारण जायचे.

चाळिशी उलटली असेल तर सोन्याहून पिवळे. 2021 साली 'सायन्स' नियतकालिकात 6,400हून अधिक लोकांच्या मोजमापांचा अभ्यास आला. त्यात म्हणे शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विशी ते साठी मेटाबॉलिझमचा वेग जवळजवळ तसाच राहतो. पुढे उतरतो तोही वर्षाला जेमतेम 0.7 टक्के. असले काही वाचू नये.

खाल्लेल्याची वही ठेवायची वेळ आलीच, तर फक्त आपल्या ताटातले लिहा. पोराने अर्धा टाकलेला पराठा, तोही लोण्याच्या गोळ्यासकट, आपण "अन्न टाकवत नाही" म्हणून संपवतो. तो संस्कारांच्या खात्यात. कढईच्या बुडाची फोडणीच्या भाताची खरवड ही भांडी घासण्याची पूर्वतयारी. डब्यात हात घालून उभ्याउभ्या खाल्लेली शंकरपाळी तर अंगाला लागतच नाही, बसून खाल्लेलेच लागते.

1992 साली अमेरिकेत, डाएट करूनही वजन घटत नाही म्हणणाऱ्यांना काही संशोधकांनी तपासले. मेटाबॉलिझम ठणठणीत! मंडळी पोटात गेलेल्यातले सरासरी 47 टक्के सांगतच नव्हती आणि हालचाल 51 टक्के फुगवून सांगत होती. पण ते अमेरिकन. आपण उपास करतो. साबुदाणा, दाण्याचे कूट, वर तूप, शेजारी बटाट्याचा कीस. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणणारे जळतात आपल्यावर.

मेटाबॉलिझम खरोखरच मंद करून हवा असेल तर त्याचीही सोय आहे. काकडी आणि गरम पाण्यावर महिना काढा. दुष्काळ पडला असे समजून शरीर खर्चाला कात्री लावते. टीव्हीवरच्या एका अमेरिकी वजन-घट स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते, आणि विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरींनी कमी! म्हणजे एवढे कष्ट घेतलेत तर तुमची तक्रार शास्त्रशुद्ध ठरेल.

जोर-बैठकांच्या नादी लागू नका. किलोभर स्नायू बसल्याजागी दिवसाला 13च्या आसपास कॅलरी जाळतात. चहातली एक चमचा साखरही त्यात भागत नाही. त्यापेक्षा सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळा, मध घाला, दोन चमचे तरी, चव यायला हवी ना, आणि डाएटिशियन बदला.