पँगाँगच्या काठावर कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही

परवा आत्याकडे गेले तर जेवणाच्या टेबलावर खणाच्या कापडाच्या अकरा पुरचुंड्या मांडून ठेवलेल्या. प्रत्येकीत भीमसेनी कापूर, चार लवंगा, चिमूटभर ओवा. आत्या भिशीच्या बायकांबरोबर लडाखला निघाली आहे आणि ग्रुपवर फिरत आलेला एक मेसेज तिने प्रमाण मानलाय. मेसेजचं म्हणणं असं: पँगाँग तळ्याच्या काठाने स्पांगमिक गाव ते मेरक गाव हा एका दिवसाचा सोपा वॉक आहे. रस्ता सपाट. हवा थंड, म्हणून ऊन लागत नाही. तळ्यात बर्फाचं पाणी, म्हणून बाटल्यांचं ओझं नको. आणि डोकं दुखलं, धाप लागली तर पुरचुंडी हुंगा, दोन मिनिटांत ऑक्सिजन वाढतो, चालत राहा.

आधी कापराचंच बोलते, कारण त्याने जीव जाऊ शकतो.

पँगाँग १३,८०० फुटांच्या वर आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के. म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. कापराच्या वासाने हवेचा दाब कसा वाढणार? नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हे मात्र खरं, तेवढं मान्य करते. पण तेही नुसतं वाटणंच. कार्डिफच्या संशोधकांनी १९८३ मध्ये कापूर, निलगिरी आणि मेंथॉलच्या वाफा लोकांना हुंगायला देऊन नाकातून हवा जायला होणारा अडथळा मोजला. अडथळा होता तेवढाच राहिला, लोकांना मात्र नाक मोकळं झाल्यासारखं वाटलं. हा निष्कर्ष नाकापुरताच आहे. रक्तातल्या ऑक्सिजनची तर गोष्टच वेगळी.

‘पण ऑक्सिमीटरवर आकडा वाढलेला मी पाहिला,’ आत्या म्हणाली. वाढतो ना. पुरचुंडी नाकाशी धरली की माणूस थांबतो, बसतो, चार-सहा लांब श्वास घेतो. त्यानेच आकडा चढतो. मी तिथल्या तिथे तिला नुसता रुमाल हुंगायला सांगणार होते, पण पुण्यात तिचा आकडा आधीच ९८ होता.

खरा घात ‘चालत राहा’ या दोन शब्दांत आहे. डोकेदुखी आणि मळमळ ही उंची न मानवल्याची खूण. तेव्हा थांबायचं असतं, आणखी वर जायचं नसतं. माणूस अडखळत चालायला लागला, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येईना, असंबद्ध बोलू लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर एक मिनिटही वाया न घालवता ऑक्सिजन लावून खाली न्यायचं. त्यात नेहमीच्या रस्त्याने लेहला परतायचं तर आधी १७ हजार फुटांवरचा ‘चांग ला’ हा घाट चढावा लागतो. म्हणजे दुखणं लपवून पुढे गेलेल्या माणसाची सुटका सोपी नाही. आणि हो, कापूर पोटात गेला तर फिट येते, लहान मुलांना अगदी थोड्यानेही. नातवंडं बरोबर असतील तर पुरचुंडी घरीच राहू दे.

आता ऊन. हवा गार असली म्हणून अतिनील किरण कमी होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दर हजार मीटरला ते सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. पँगाँगला म्हणजे समुद्रकाठापेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त. गावातली थोडी झाडं सोडली तर वाटेत सावलीचं नाव नाही. वारा गार लागतो म्हणून भाजतंय हे कळतच नाही. मी गेले तेव्हा टोपी घालूनही संध्याकाळी हनुवटीखालची आणि नाकपुड्यांखालची कातडी सोलली होती, पाणी आणि वाळूवरून उलट येणाऱ्या उजेडाने.

पाण्याचं दोन वाक्यांत. या तळ्यातून पाणी बाहेर वाहून जात नाही, नुसतं आटतं, म्हणून ते खारट आहे. हिवाळ्यात गोठतं तरी खारटच, त्यामुळे माणशी तीन लिटर पाणी बरोबर हवंच.

रस्ता सपाट आहे, हे खरं. पण स्पांगमिक ते मेरक वीसेक किलोमीटर होतात, आणि त्या उंचीवर आपल्याकडची चाल टिकत नाही.

तर आत्या, लेहला तीन रात्री राहा, पँगाँगला एक रात्र काढा, मगच चाला. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का, ते निघण्याआधी तुझ्या डॉक्टरांना विचार, बीपीची गोळी सांगून. मेरक सोडून दे, वाटेतल्या ‘मान’ गावापर्यंतच जा, दहाएक किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघा, दुपारी वारा सुटायच्या आत पोचा. गाडी मानला आधीच उभी हवी, फोनचं नेटवर्क मिळेलच असं नाही. गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, ते ड्रायव्हरला लेहमध्येच विचार, आणि नुसतं ‘आहे’ म्हणाला तर उघडून दाखवायला सांग.