साडेतीनशे रुपयांचा केवडा

गवत विकत आणलं हे मी घरात सांगितलंच नव्हतं, बिल बायकोला धुवायच्या पँटच्या खिशात सापडलं. त्यावर नुसतं 'ग्रास १ नग ३५०' एवढंच लिहिलेलं, त्यामुळे तिचा पहिला संशय भलताच होता, या वयात नवरा काय ओढायला लागला म्हणून ती दोन दिवस माझ्या डोळ्यांकडे निरखून बघत होती. शेवटी मी तिला कंपाउंडजवळ नेऊन कुंडी दाखवली. तर ती म्हणाली, त्यापेक्षा ओढलं असतंत तर निदान संपलं तरी असतं.

सगळी चूक रील्सची. रात्री झोप येत नाही म्हणून फोन बघत पडलेलो, त्यात कुठल्यातरी परदेशी बागेत पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचं गवत वाऱ्यावर असं काही डुलत होतं की मला आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेतल्या घराची पुढची बारा बाय आठची जागा एकदम भिकार वाटायला लागली. तिथं एक जास्वंद, एक कढीपत्ता, आणि बायकोनं जिवापाड जपलेला गवती चहा. गवती चहाही गवतच आहे, पण त्याला पट्टे नाहीत ना.

मिरज रोडच्या बाजूला एका नर्सरीत गेलो. तिथला पोरगा जे जे लांब पातीचं दिसेल त्याला 'व्हेरिगेटेड ग्रास सर' म्हणत होता. त्यातलं एक स्पायडर प्लांट निघालं, म्हणजे मुळात गवतच नव्हे, शतावरीच्या कुळातलं. दुसरं एक छान पांढऱ्या काठाचं बुटकं, केरेक्स, ते अडीचशेला घेतलं. आणि तिसरं ते साडेतीनशेचं, अरुंडो. कमरेएवढं उंच, उसासारखं कांड, पातीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दुधाळ पट्टे. त्याच्या प्रेमात मी तिथंच पडलो. चौथं झेब्रा ग्रास ऑनलाइन मागवलं, त्याला पट्टे आडवे असतात, पिवळे, कुणीतरी रूळ धरून मारल्यासारखे. आधी त्याचं बी मागवलं होतं, पण पट्ट्यांचं गवत बियांपासून तसंच्या तसं येत नाही, बेट फोडून लावावं लागतं, ही अक्कल पैसे गेल्यावर आली. बियांतून जे उगवलं ते शेजारच्या काकूंनी एका नजरेत ओळखलं, नाव सांगितलं नाही, नुसत्या हसल्या. पाचवं एक हाकोने नावाच्या जपानी डोंगरातलं, थंड सावलीतलं, फोटोत अगदी धबधब्यासारखं दिसणारं. सांगलीत आलं, ऑक्टोबर हीट बघितली, गेलं. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

त्याच्याही आधी, गणपतीतच पहिला झटका बसलेला. चतुर्थीला सकाळी उठून बघतो तर केरेक्स पार न्हाव्याकडून आल्यासारखं. काकू हातात जुडी घेऊन गेटातून बाहेर पडत होत्या, म्हणाल्या, "पांढऱ्या काठाच्या दूर्वा हो! बाजारात असल्या कुठं मिळतात? एकवीस मोजून घेतल्या." आता सांगलीत राहून गणपतीला वाहिलेल्या गोष्टीवर तक्रार करायची तरी कुणाकडे? वर संध्याकाळी आरतीला बोलावून मोदक दिला, आणि आलेल्या चार बायकांना 'यांच्याकडं आहेत हो' म्हणून माझा पत्ताही दिला. हळदीकुंकवाच्या यादीत नसेल एवढी वर्दळ त्या आठवड्यात आमच्या गेटावर.

पण हे सगळं आप्पा यायच्या आधीचं.

आप्पा म्हणजे आमचे वडील, पलूसकडं आमचं गाव, पन्नास वर्षं ऊस केलेला माणूस. जानेवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला आमच्याकडे आले. पहिले आठ दिवस ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन पुढं बसायचे, अरुंडोकडे बघायचे, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे, परत बघायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. मला वाटलं आवडलं. बायकोला म्हटलंसुद्धा, बघ, शेतकऱ्याला कळतं सौंदर्य.

मिरजेत ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा गॉगल लावून घरी आले. रिक्षातून उतरले ते थेट कुंडीपाशी. गॉगल वर केला. "म्हंजे डोळ्याचा दोष नव्हता तर," म्हणाले. "आठ दिस मला वाटत हुतं मोतीबिंदूमुळं पांढरं पट्टं दिसत्यात. ह्याला तर केवडा पडलाय की लेका!"

ज्यांच्या घरात ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुनखडीच्या जमिनीत उसाला लोह मिळत नाही, मग कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा-पांढरा पडत जातो, लांबच लांब पट्टे. त्याला आमच्याकडे केवडा म्हणतात. आमच्या जिल्ह्यात हा पट्टा बघून कुणाला वाऱ्यावर डुलणारी परदेशी बाग आठवत नाही, सोसायटीचं कर्ज आठवतं.

"आप्पा, हे मुद्दाम असतं असं," मी म्हटलं.

"केवडा मुद्दाम?"

"म्हणजे त्याची जातच तशी आहे."

"उसाची कुठली व्हरायटी? ८६०३२ न्हाई, २६५ पण न्हाई."

"अरुंडो. ह्याच्याच हिरव्या जातीच्या कांडापासून क्लॅरिनेटची रीड, म्हणजे तोंडातली पातळ पट्टी, बनवतात, ते बँडवाले वाजवतात ते."

"वाजतंय तर वाजव," म्हणाले आणि आत गेले. जाता जाता किंमत विचारली. मी नर्सरीवाल्याचा मान राखून खरी सांगितली. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही, मग हळूच विचारलं, "पेंडीला?" एका कुंडीला म्हटल्यावर त्यांनी बायकोला हाक मारून पाणी मागितलं.

नंतर महिनाभर आमच्यात जे काही चाललं त्याला वाद म्हणता येणार नाही, कारण आप्पा वाद घालत नाहीत, ते बघत बसतात. आणि मी नेमका काय करताना सापडावं? तर पट्ट्यांच्या गवतात मधेच एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघतो. पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य नसतं, म्हणजे घरात एक भाऊ कमावणार आणि एक नुसता इस्त्रीचा शर्ट घालून पारावर बसणार, असला मामला. हिरव्या फुटव्यात दोघंही कमावते, म्हणून तो दणकून वाढतो आणि काही महिन्यांत सगळी कुंडी हिरवी करून टाकतो. त्यामुळे तो दिसला की मुळापासून काढायचा असतो. तर मी रविवारी कात्री घेऊन बसलोय, हिरवेगार, मांडीएवढे जोमदार फुटवे शोधून शोधून कापतोय आणि फिकुटलेले जपून बाजूला सारतोय, आणि मागं आप्पा.

"चांगलं काढतोस," म्हणाले, "आणि रोगाट ठेवतोस."

मी समजावलं. हरितद्रव्य, दोन भाऊ, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पतसंस्थेत पण असंच करतासा व्हय?" मी तिथं क्लार्क आहे. उत्तर द्यायच्या भानगडीत पडलो नाही.

केरेक्सचा निकाल तर त्यांनी अर्ध्या मिनिटात लावला. तुऱ्याची काडी तोडून दोन बोटांत फिरवली. "तिधारी हाय. लव्हाळा." मला हसू आलं, म्हटलं आता सापडले, आणि फोनवर शोधलं. केरेक्स आणि आपला लव्हाळा एकाच कुळातले निघाले. जो लव्हाळा काढायला आई आणि दोन्ही आत्या खुरपी घेऊन दिवसदिवस उन्हात वाकायच्या आणि तरी खालच्या गाठीतून पंधरा दिवसांत परत यायचा, त्याचा पांढऱ्या काठाचा भाऊबंद मी अडीचशे रुपये देऊन, पिशवीत घालून, स्कूटरवर पुढे ठेवून आणला होता. हे मी आजतागायत आप्पांना सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत झेब्रा ग्रास वाळलं म्हणून जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटलं, तसंच करायचं असतं. आप्पांनी बघून "खोडवा ठेवलास व्हय" एवढंच विचारलं. खोडवा म्हणजे ऊस तोडल्यावर बुडख्यातून परत फुटणारं पीक. विचारायला काय झालं, झेब्रा म्हणजे मिसकॅन्थस, आणि ते उसाचं इतकं जवळचं नातेवाईक आहे की संशोधक दोघांचा संकर करतात. बोटॉनिकल नाव वाचून मला जे कळलं ते आप्पांना मोतीबिंदूचा डोळा गॉगलमधून लावून कळत होतं. राग यायचा तो याचाच.

एक दिवस ऑफिसातून आलो तर पुढच्या सगळ्या फरशीवर तांबूस-केशरी डाग, बंगल्याला गंज चढल्यासारखे. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती, उभं राहून फवारायला केली नव्हती, असा अर्थ काढून आप्पा काळा गॉगल लावून एकटे रिक्षानं खताच्या दुकानात जाऊन हिराकस घेऊन आले होते, थोडा युरिया घरातल्याच बादलीत, आणि माझ्या गुलाबाच्या पंपानं अरुंडोला चोपून फवारणी झाली होती. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, ते फरशीवर सांडून वाळलं की लोखंडाचा डाग धरतं, तो लिंबानं, साबणानं, बायकोच्या बोलण्यानं, कशानंच जात नाही. बायको डागांकडे बघून मलाच म्हणाली, "तुम्हीच आणलात ना पट्टे."

आता गंमत ऐका. अरुंडोच्या या जातीचा पांढरा पट्टा थंडीतल्या कोवळ्या पानांवर झकास असतो, ऊन तापलं की तो पिवळट होत हिरवा पडत जातो. त्याचा स्वभावच तो. आणि आमच्याकडे मार्चमध्ये ऊन म्हणजे काय ते हळदीच्या पेठेतल्या हमालाला विचारा. फवारणीनंतर तीन आठवड्यांत कुंडी बऱ्यापैकी हिरवी. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची जरा पुढं ओढून कुंडीच्या शेजारी बसायला लागले, येणाराजाणारा दिसला की गेटावरूनच, "केवडा हुता, उतरला." पोस्टमनला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. त्या दुर्वांवाल्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तरीच! मला वाटलंच होतं काहीतरी आजार असणार, यांना कोण सांगणार?"

झेब्राचं मात्र उलटं. खोडव्याचे फुटवे आधी साधे हिरवे आले, आप्पा खूश. ऊन वाढलं तसे आडवे पिवळे पट्टे उमटायला लागले, कारण त्याला पट्टे ऊब लागल्यावरच नीट येतात. बारीक बारीक पाती, एका बेटात मूठभर फुटवे, सगळे फिकट. आप्पांनी परत फवारलं. पट्टे आणखी ठळक. मग दोन दिवस ते गप्प होते. फोनवर गावाकडं कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. उसात गवताळ वाढ म्हणून एक रोग असतो, बेटाला गवतासारखे बारीक फिकट फुटवे फुटतात, ऊस धरतच नाही. त्याला औषध नसतं. कृषी खात्याचा माणूस काय किंवा आप्पा काय, एकच सांगतात, बेट समूळ उपटायचं आणि जाळायचं, शेजारच्या बेटाला लागायच्या आत.

शेजारी अरुंडो होतं, नुकतंच दुखण्यातून उठलेलं.

मी संध्याकाळी आलो तेव्हा कंपाउंडच्या कोपऱ्यात राख होती आणि आप्पा हात धुवत होते. धारदार पातीनं बोटं दोन-तीन ठिकाणी कापलेली, त्यावर हळद. माझ्याकडे बघून असे काही हळहळले की मला रागावताच येईना. "वाईट वाटतंय मला पण," म्हणाले, "पर एकासाठी सगळा प्लॉट घालवायचा नसतो." पुढची बारा बाय आठची जागा म्हणजे प्लॉट. बायकोनं ती राख गवती चहाला घातली.

एप्रिलमध्ये आप्पा गावाला निघाले. जाताना अरुंडोची दोन डोळ्यांची सहा टिपरी, म्हणजे लावायला कांडाचे तुकडे, ओल्या पोत्यात गुंडाळून पिशवीत घातली. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "बरं केलंय मी त्याला. बघतो रानात कसं ऱ्हातंय." मी सांगितलं की आप्पा, ते फार पसरतं, पाणी मिळालं तर दोन पुरुष उंच होतं, आवरत नाही नंतर. "उसासारखं हाय म्हन की," म्हणाले आणि एसटीत चढले.

परवा, नेमका ऑफिसात ठेवीदारांची गर्दी असताना, आप्पांचा फोन. पाऊस चांगला झालाय, आडसाली उसाच्या लागणी चालू आहेत वगैरे झाल्यावर जरा थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आरं, ते तुझं विहिरीच्या बांधाला लावलं हुतं. छातीला लागतंय आता. पर नव्या पानाला परत पट्टं आल्यात."

मी म्हटलं, "मग? हिराकस मारली?"

"न्हाई मारली," म्हणाले. परत थांबले. "रस्त्यावरनं दिसतंय ना ते. लोकं गाडी थांबवून बघत्यात. सरपंचाची सून फोटू काढून गेली. तिघं जण बेणं मागाय लागल्यात."

"द्या की मग."

"दितोय की. पर काय रेट लावू?" आणि मी काही बोलायच्या आत, "तू साडेतीनशेला घेतलावतास न्हवं? त्ये टिपरीला, का बेटाला?"