दिवाळीनंतर या, कोयती धरायला

पाऊस तोंडावर आला की मला मुंबई-पुण्याहून फोन यायला लागतात. कधी ऑफिसचा ग्रुप, कधी कॉलेजची मुलं, कधी एखाद्या वाडीचं मुंबई मंडळ. विचारणं एकच, "झाडं लावायला यायचंय, जागा आहे का?" विचारणाऱ्यांची कळकळ खरी असते, म्हणूनच जरा सविस्तर लिहितेय. रत्नागिरी जिल्ह्यात रानासाठी काम करणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या गटांना माणसं हवी आहेत, अगदी निकडीने हवी आहेत. पण ती नोव्हेंबर ते मार्चमध्ये हवीत. जूनच्या एका रविवारी आलेल्या दोनशे माणसांना देण्यासारखं काम आमच्याकडे खरंच नसतं.

"जागा" म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो तो सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. मे महिन्यात बघाल तर काळा पडलेला, तापलेला कातळ, नजर जाईल तिथवर हिरवं पान नाही. मग ठरतं की ही जमीन ओसाड आहे, इथे जंगल उभं करू. जेसीबीने जांभ्यात खड्डे पाडायचे, खालून माती आणून भरायची, आकेशियाची रोपं लावायची, बॅनर धरून फोटो काढायचा. पुढच्या मार्चमध्ये त्यांना पाणी कोण घालणार हे कोणी विचारत नाही.

तोच सडा पहिल्या दोन-चार पावसांनंतर येऊन बघा. बोटभर मातीत दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. ही इथल्या सड्यांची प्रदेशनिष्ठ वनस्पती, तिला हीच उथळ माती आणि हाच कातळ लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, कवला, तेरडा, आणि पाणी झिरपतं तिथे सीतेची आसवं. त्या मातीत पोषण इतकं कमी, की ही निळी-जांभळी फुलं मिरवणारी एवढीशी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून स्वतःची गरज भागवते. आणि जांभ्यात मुरलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना मिळतं. हे सगळं असताना त्याला ओसाड म्हणायचं कसं? याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी चित्रं कोरली. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. मातीखाली झाकलेलं एखादं शिल्प कुठे असेल हे जेसीबीवाल्याला कळत नाही. सड्यावर खड्डे मारू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता खरं काम कुठे आहे ते सांगते. आमच्याकडे सरकारी जंगल अगदी थोडं. उतारावरचं, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठचं बहुतेक रान खाजगी मालकीचं आहे. म्हणजे ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण अशी जुनी झाडं कोणाच्या तरी सातबाऱ्यावर उभी आहेत. त्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी माणसं वारलेली, उरलेली डोंबिवली-विरारला. गावात एक म्हातारी काकू. तिच्याकडे लाकडाचा ठेकेदार येतो, अख्ख्या रानाचे मिळून काही हजार रुपये हातावर ठेवायला तयार असतो, आणि काकूच्या औषधांना नेमके तेवढेच पैसे हवे असतात. तिला दोष देणं मला कधी जमलं नाही. आमच्या गटाचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो अशा ओटीवर बसण्यात. चहा होतो, मुलांच्या लग्नांच्या चौकश्या होतात, मग विषय निघतो. रान न तोडताही त्यातून काय मिळू शकतं, हिरडा-बेहडा, कोकम, पाहुण्यांची राहण्याची सोय, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. कधी ऐकतात, कधी नाही. पण मुंबईच्या पुतण्याचा एक फोन आला की, "काकू, एवढ्यात सही करू नकोस, औषधांचं मी बघतो," तर आमच्या दहा फेऱ्यांनी होत नाही ते होतं.

हे रान वाचलं तरी जानेवारीपासून वणव्याची भीती. कोणी बागेच्या कडेचं गवत जाळतो आणि आग हाताबाहेर जाते, कोणी विडी टाकतो, कोणी पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून मुद्दाम लावतो, कोणी शिकारीसाठी. वारा सुटला की एका दुपारी अख्खा डोंगर आणि त्याला लागून असलेल्या आंबा-काजूच्या बागा जातात. नेमका हाच धनेश पक्ष्यांच्या विणीचा काळ. जुन्या बेहड्याच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते, तोंडाशी चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर महिनोन्‌महिने वड-उंबराची फळं आणून त्या फटीतून भरवतो. खालून आग आली तर आतल्या पिल्लांना जायला जागाच नाही. तसं ढोलीचं झाड तयार व्हायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही. आपण जूनमध्ये लावलेलं रोप त्याची भरपाई कशी करणार?

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की रानाच्या कडेने दहा-बारा फुटांचा पट्टा कापून साफ करायचा, पालापाचोळा ओढून काढायचा. जाळरेषा म्हणतात ती हीच. ती दरवर्षी नव्याने करावी लागते. कमरेचा काटा ढिला करणारं काम आहे, फोटोत काही दिसत नाही, आणि त्यासाठीच माणसं मिळत नाहीत. त्याच दिवसांत पऱ्यांवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालायचे असतात, म्हणजे वाहतं पाणी आणखी काही आठवडे वर टिकतं.

मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली तिथे कासवांचं काम सुरू केलं. गावातलीच माणसं पहाटे किनाऱ्यावर फिरायची, ऑलिव्ह रिडलेच्या माद्यांनी घातलेली अंडी चोरीला जाण्याआधी कुंपणातल्या वाळूत पुरायची, पन्नासेक दिवस राखण करायची आणि पिल्लं समुद्राकडे सोडायची. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घराघरांत राहू लागले, गावाला उत्पन्न मिळालं. सगळं काम राखणीचं, आणि तेही हिवाळ्यात, थंडी-वाऱ्यात.

झाडं लावूच नका, असं मी म्हणत नाही. बांधावर, पऱ्याकाठी, तोडलेल्या उतारावर जरूर लावा. इथल्याच बियांची लावा, आणि निदान तीन उन्हाळे त्यांच्याकडे बघणारं माणूस आधी ठरवा.

आमचं जाळरेषेचं काम दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सुरू होईल. पाच-सहा जणांच्या तुकडीने या, आणि जमलं तर फेब्रुवारीत पुन्हा या. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि घोटा झाकणारे बूट हवेतच, कारण फुरसं हा विषारी साप इथे सगळीकडे आहे. दगड हाताने उचलायचा नाही, गवतात चप्पल घालून शिरायचं नाही. कोयत्या, विळे आम्ही देऊ. जेवण वाडीतल्या घरी असेल, त्याचे पैसे त्याच घरी द्यायचे. आणि ज्यांचं गाव इकडेच आहे त्यांनी निघण्याआधी आपला सातबारा काढून बघा, रान कुठल्या गट नंबरात आहे आणि नावं कोणाकोणाची आहेत ते लिहून आणा. संध्याकाळी त्याच गोष्टीला बसू.